बाल्टिमोरमध्ये शाळेतल्या पोरांच्या डिबेटला जज व्हायचंय, तयारी काय करू?

बाल्टिमोरकर:
नमस्कार मंडळी, इथल्या पब्लिक शाळांच्या डिबेट लीगला जज कमी पडतात म्हणून ऑफिसातल्या एकीने विचारलं आणि मी हो म्हटलं. पोरं बहुतेक ब्लॅक, थोडी लॅटिनो. वर एका मुलाला मेंटॉर करशील का असंही विचारलंय. शाळेत वक्तृत्व स्पर्धा केल्यात तेवढाच माझा अनुभव. पंधरा-सोळा वर्षांच्या त्या मुलांना माझ्यासारख्या देशी आयटीवाल्याचा खरंच काही उपयोग होईल का?

जुना_पंच:
होईल, पण वक्तृत्व आधी डोक्यातून काढ. पाठ केलेलं भाषण, हातवारे, शेवटी कविता यातलं काही इथे नसतं. पॉलिसी डिबेट असेल तर दोघा-दोघांच्या टीम, वर्षभर एकच विषय, एका राउंडला बाजूने बोलायचं तर दुसऱ्याला विरोधात, प्रत्येकाचं पहिलं भाषण झालं की लगेच समोरचा ३ मिनिटं उलटतपासणी घेणार. तयारीची पोरं इतकी भरभर वाचतात की सुरुवातीला काही झेपत नाही, तेव्हा कागदावर रकाने पाडून मुद्दे टिपत जा, आणि नाही कळलं तर तसं स्पष्ट सांग. निकाल दिल्यावर "छान बोललास" म्हणून उठू नकोस, कुठल्या मुद्द्याला उत्तर राहिलं म्हणून हरलास ते दाखव. ज्या मुलाला वर्गात उलट बोलला म्हणून बाहेर काढतात, त्याचं तेच उलट बोलणं इथे एक मोठा माणूस कान देऊन लिहून घेतो, ही फार मोठी गोष्ट आहे रे.

मीनल_टेक्सस:
एक सांगू का, आपण काही उपकार करतोय असं मनात आणू नका. ही परंपरा त्यांचीच आहे. आमच्या टेक्ससमधल्या मार्शल गावात वायली कॉलेज आहे (आता नाव वायली युनिव्हर्सिटी), तिथल्या मेल्विन टॉल्सन सरांच्या ब्लॅक टीमने १९३५ मध्ये तेव्हाच्या चॅम्पियन यूएससीला (युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्नियाला) हरवलं. त्यांचाच विद्यार्थी जेम्स फार्मर, १९४२ मध्ये कोर ही नागरी हक्कांची संघटना काढणाऱ्यांपैकी एक. २०१३ मध्ये एम्पोरिया स्टेट युनिव्हर्सिटीच्या दोन ब्लॅक मुलांनी कॉलेज डिबेटच्या दोन्ही राष्ट्रीय स्पर्धा एकाच वर्षी जिंकल्या, आधी कुणालाच जमलं नव्हतं. ती स्वतःच्या आयुष्यातले मुद्दे घेऊन उभी राहायची, तेव्हा याला डिबेट म्हणायचं का म्हणून बरेच जण नाराज होते. तुमच्यासमोर असं कुणी बोललं तर विषय सोडला म्हणून मार्क कापू नका, आधी युक्तिवाद ऐका.

बाल्टिमोरकर:
थँक्यू दोघांना. आणि मेंटॉरिंगचं?

जुना_पंच:
दर आठवड्याला ठरलेल्या वेळी जा, जमणार नसेल तर आधी कळव. त्याच्यासोबत बसून पुरावे शोध, तू विरोधी बाजू घे आणि त्याला तुला हरवायचा प्रयत्न करू दे, पण मुद्दाम हरू नकोस.