कॅनडा: रिझर्व्हवर (मूलनिवासींसाठी राखलेल्या जमिनीवर) उधारीत दिलेल्या मशिनची वसुली
प्रश्न: ओंटारिओतल्या एका फर्स्ट नेशनच्या (मूलनिवासी समाजाच्या) बँड कौन्सिलला (बँड म्हणजे कायद्याच्या भाषेत तो समाज, कौन्सिल म्हणजे त्याचं कारभारी मंडळ) जनरेटर उधारीवर द्यायचा आहे. पैसे थकले तर कोर्टाच्या हुकुमावर जप्ती होते का?

प्रतिसाद १: हुकूम मिळेल, जप्ती नाही. इंडियन ॲक्टच्या (कॅनडातल्या मूलनिवासींविषयीचा कायदा) कलम ८९(१)नुसार रिझर्व्हवरची बँडची मालमत्ता बाहेरच्याला गहाण घेता येत नाही, जप्तही करता येत नाही. पण ८९(२) नीट वाचा. पैसे फिटेपर्यंत मालकी विक्रेत्याकडेच, असा करार असेल तर वस्तू रिझर्व्हवर असली तरी करारातले हक्क बजावता येतात. नुसत्या इन्व्हॉइसवर माल उतरवलात की ही वाट बंद. करारात जनरेटरचा सिरियल नंबर घाला, नाहीतर ‘हाच तो’ हे सिद्ध करण्यातच वकिलाची फी जाते.

प्रतिसाद २: सही कोण करतंय? बँडच्या मालकीची कंपनी असेल तर तिला ८९चं कवच नाही. कौन्सिल असेल तर ठराव मागा, एकट्या चीफच्या (बँडच्या प्रमुखाच्या) सहीवर विसंबू नका. आणि बँक खात्यावर भिस्त नको: सरकारने तहानुसार (ट्रीटी) बँडला दिलेली रक्कम शहरातल्या बँकेत असली तरी कलम ९०मुळे रिझर्व्हवरचीच धरतात.

प्रतिसाद ३: दावा लावायची मुदत विसरू नका. ओंटारिओत साधारण २ वर्षं, आपल्याकडची ३ नव्हे.