एलियन्सचा तो २०१३ चा गेम: पुढं खेळू की सोडू? मावसभावालापण घ्यायला सांगू का?

डिचोलीचा_मरीन
लोकहो, सल्ला पाहिजे. गेल्या आठवड्यात सेलमध्ये 'एलियन्स: कलोनियल मरीन्स' घेतला, एका फिश थाळीच्या पैशात मिळाला म्हणून जास्त विचार केला नाही. घ्यायचं कारण म्हणजे १९८६ चा 'एलियन्स' पिक्चर, मडगावला मामाकडे व्हीसीआर होता तेव्हा मी आणि मावसभावानं ती कॅसेट झिजेस्तोवर बघितलीय, मोशन ट्रॅकरची, म्हणजे जवळ काही हललं की वाजणाऱ्या त्या यंत्राची, टिकटिक वाढायला लागली की आम्ही दोघं चादरीत. आता चवथीला, गणपतीला, तो येणार आहे लॅपटॉप घेऊन, गणपतीवर टांगायची फळांची माटोळी बांधून झाली की रात्री दोघांनी मिळून खेळायचं असा प्लॅन होता.

पहिले दोन तास बरे गेले. पिक्चरमधलं तेच सुलाको अंतराळजहाज, तीच पल्स रायफल आणि तिच्यावर उरलेल्या गोळ्यांचा आकडा, ट्रॅकरचा आवाज पण तोच, अंगावर काटा आला खरंच. पण एलियन? एलियन म्हणजे अगदीच बावळट रे. समोरून सरळ रेषेत पळत येतात, आपण उभं राहून टिपायचं, जत्रेत फुगे फोडतात तसं. काल एकजण दाराच्या चौकटीत अडकून जागच्या जागी धावत होता, मी त्याच्या बाजूला जाऊन उभा राहिलो, चहा संपवला, तरी त्याला पत्ता नाही. वर अर्धा वेळ एलियन नाहीतच, पिक्चरमधल्या त्या कंपनीचे भाडोत्री सैनिक मारत बसायचं. तर पुढं काही सुधारतं का? भावाला विकत घ्यायला लावून शिव्या खायच्या नाहीत मला.

मांडवीकाठचा
सोड. दोन तासांच्या आत असतास तर स्टीमवर, जिथून गेम घेतलास त्या ऑनलाइन दुकानात, पैसे परत मिळाले असते, आता थाळी खाल्ली समज.

नोटपॅड_पात्राव
थांब, सोडू नको इतक्यात. तू पीसीवर खेळतोयस ना? मग एक गंमत करून बघ, मी स्वतः केलीय.

डॉक्युमेंट्समध्ये जा, त्यात माय गेम्स, त्यात गेमच्या नावाचं फोल्डर, त्यात पेकनगेम, त्यात कॉन्फिग. तिथं पेकनइंजिन नावाची आयएनआय, म्हणजे सेटिंगची, फाइल आहे. आधी तिची कॉपी करून बाजूला ठेव, हे विसरू नको. मग नोटपॅडमध्ये उघड आणि 'टेदर' शब्द शोध, पण चुकीच्या स्पेलिंगनं शोध, टी-ई-ए-टी-एच-ई-आर असं. एका ओळीच्या शेवटी सापडेल. त्यातला 'ए' काढून टाक, सेव्ह कर, झालं.

हसू नको, खरंच एवढंच आहे. टेदर म्हणजे दावं, आपण गुरं बांधतो तसलं. एलियन कुठल्या भागात राहील, कुठून वळसा घालून येईल, आपण पुढं सरकलो की त्यानं कुठला कोपरा धरायचा, हे सगळं त्या दाव्यावर चालतं. आता कोणीतरी टाइप करताना एक अक्षर जास्त मारलं, त्यामुळे गेम ज्या नावाला हाक मारतो त्या नावाचं कोणी घरातच नाही. म्हणून ते बिचारे सुटलेल्या रेड्यासारखे नाकासमोर पळतात. गेम आला फेब्रुवारी २०१३ मध्ये, आणि ही भानगड जगभर गाजली २०१८ मध्ये, ती पण एका मॉडरमुळे, म्हणजे हौसेनं गेममध्ये फेरफार करणाऱ्या माणसामुळे. पाच वर्षं लोक म्हणत होते एलियनचा मेंदू, एआय, भिकार आहे, आणि चूक एका अक्षराची.

आता स्पष्ट सांगतो, यानं गेम सोन्याचा होत नाही. जे एलियन मठ्ठ होते ते जरा चलाख होतात इतकंच. भाडोत्री सैनिक तसेच राहतात, कथा तर त्याहून वाईट.

जुना_तिकीटवाला
कथेवरून आठवलं. पिक्चरच्या शेवटी ती वसाहत अणुस्फोटात उडते ना? मग गेममध्ये परत त्याच हॅडलीज होप वसाहतीत कसे जातात हे लोक? थोडी पडझड दाखवलीय, पण भिंती उभ्या आहेत. आमच्या शेजाऱ्याच्या घरावर परवा नुसता माड पडला तर अर्धं छप्पर गेलं.

बाकी पिक्चरवरचे गेम वाईट का निघतात यावर सगळ्यांचं एकच उत्तर असतं, की पिक्चरच्या तारखेला किंवा सणाला गेम दुकानात पाहिजे म्हणून घाई होते. ते खरं आहे. १९८२ मध्ये 'ई.टी.' पिक्चरवर अटारी कंपनीचा गेम आला, एका माणसानं नाताळ गाठायला जेमतेम पाच आठवड्यांत लिहिला, बनवला तितका खपला नाही, आणि उरलेल्यांतल्या बऱ्याच कार्ट्रिज, म्हणजे गेमच्या कॅसेटी, न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात कचऱ्याच्या खड्ड्यात पुरल्या. लोकांना ती थाप वाटायची, २०१४ मध्ये खणून काढल्या तेव्हा पटलं. पण मरीन्सला ही सबब चालत नाही. पिक्चर १९८६ चा, गेम २०१३ चा, मध्ये सत्तावीस वर्षं, कसली घाई? उलट प्रदर्शनात जो डेमो दाखवला तो झकास होता, हातात आला तो भलताच, त्यावरून अमेरिकेत कोर्टात केस पण झाली.

मांडवीकाठचा
काका तुम्ही विषयाला आलात की माटोळीला सुपारीपासून नारळापर्यंत सगळं टांगता 😄

कुळागरवाली
मी हा गेम पूर्ण केलाय, नवऱ्याबरोबर, तो एका खोलीत मी दुसऱ्या. एकटीनं खेळले असते तर तिसऱ्या दिवशी काढून टाकला असता. दोघं असलो की मठ्ठ एलियनचंच हसू येतं, आणि एकमेकांना शिव्या द्यायला मिळतात ते वेगळंच.

एक जागा मात्र खरोखर चांगली आहे. पुढं एकदा तुझ्याकडे बंदूक नसते आणि गटारातून जायचं असतं, तिथले एलियन आंधळे, आवाजावर येतात आणि जवळ आले की फुटतात. हळू चालायचं, तो जवळ आला की पुतळ्यासारखं थांबायचं. तेवढ्यापुरता पिक्चरमधला तो धसका परत मिळाला मला. मग लगेच परत ठो ठो सुरू.

भीतीच पाहिजे असेल तर २०१४ चा 'एलियन: आयसोलेशन' घे. तिथं बहुतेक वेळ एकच एलियन पण झोप उडवतो. गेममध्ये वरून बघणारा एक वेगळा मेंदू आहे, त्याला तू कुठं आहेस ते कायम माहीत असतं, तो एलियनला फक्त अंदाज देतो, शोधायचं काम एलियननं स्वतः करायचं. म्हणून तो कपाटासमोर येऊन हुंगतो आणि आपण श्वास धरून बसतो. पण तो एकट्यानं खेळायचा गेम आहे, चवथीच्या रात्रीला कामाचा नाही.

डिचोलीचा_मरीन
अपडेट देतो. पात्रावबाब, तुमचा 'ए' काढला. फाइलची कॉपी आधी केली हो, विसरलो नाही.

तीच खोली परत खेळलो, जिथं आधी एका खोक्यामागं बसून सगळे टिपले होते. या वेळी पण तिथंच बसलो. समोरून दोन आले, ते मारले, ट्रॅकर अजून टिकटिकतोय आणि समोर कोणी नाही. म्हटलं परत कोणी चौकटीत अडकला असेल. तर एक बाजूच्या भिंतीवरून आला आणि एक पाठीमागून, मी इतक्या जोरात ओरडलो की आई रांदचीकुडींतून धावत आली, "कितें जालें रे तुका?" तिला काय सांगणार, दाव्याचं स्पेलिंग बरोबर केलं म्हणून? पुढं आणखी दोन खोल्या खेळलो, त्यातल्या एकीत ठीक, दुसरीत परत भाडोत्री सैनिक आणि परत जांभया. मग लाइट गेली, पाऊस बघताय ना कसा लागलाय, इन्व्हर्टरवर फक्त पंखा आणि देवाचा दिवा चालतो आमच्याकडे.

तर खेळतोय पुढं, निदान कुळागरवालीताईंच्या गटारापर्यंत तरी. भावाला फोन केला, म्हटलं थांब, परत सेल लागला की घे. तर म्हणतो, तू घेतलास कळलं त्याच रात्री घेतला, पूर्ण किमतीत, तुला सरप्राइज देणार होतो. आता तो आला की आधी त्याच्या लॅपटॉपवरचा 'ए' काढायला बसायचंय.