एकच लंबक, अनेक विषय?

प्रश्न (शिक्षिका, कोथरूड): सातवीच्या वर्गात गवंड्याचा ओळंबा दोरीने टांगून विज्ञानाबरोबरच गणित आणि भूगोलही शिकवता येईल का?

उत्तर १: ताई, अवश्य. टांगणीपासून ओळंब्याच्या मध्यापर्यंत २५ सेंटिमीटर अंतर ठेवल्यास पूर्ण हेलकावा सुमारे १ सेकंदाचा होतो. लांबी चौपट केली, तरी वेळ मात्र दुप्पटच होतो, आणि वर्गमूळ मुलांना तिथे डोळ्यांनी दिसते. झोका लहान ठेवून दहा हेलकाव्यांची सरासरी काढावी, कारण एकाच हेलकाव्याची वेळ घेताना आमचाही अंगठा चुकतो.

उत्तर २: भूगोलासाठी, आणि इतिहासासाठीही, फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ फूकोने १८५१ मध्ये पॅरिसमध्ये लंबकाने दाखवलेले पृथ्वीचे परिवलन सांगावे. पुण्याच्या अक्षांशावर अशा लंबकाच्या झोक्याची दिशा पूर्ण फिरायला सुमारे ७५ तास लागतात.

प्रश्नकर्ती: आभारी आहे. सोमवारी दोरी मुलांकडूनच मोजून घेते.