बुलेट ट्रेनशी मराठी माणसाचा काय संबंध म्हणणाऱ्यांना माझं उत्तर

बडोदेकर_ठाण्यात
काल इथे एकाने लिहिलं की मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेन ही फक्त शेठ लोकांची सोय, मराठी माणसाचा त्यात काय संबंध. खाली सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला रात्री झोप लागली नाही म्हणून सविस्तर लिहितोय.

संबंध आहे. माझे बाबा बडोद्याला दांडिया बाजारात एकटे राहतात. सयाजीरावांच्या काळात पणजोबा नोकरीला गेले तेव्हापासून आम्ही तिथलेच, घरात मराठी आणि दाराबाहेर गुजराती. मी नोकरीसाठी ठाण्यात. गेल्या पावसाळ्यात शुक्रवारी संध्याकाळी शेजारच्या काकूंचा फोन आला की बाबा बाथरूममध्ये पडलेत. तिकिटं सगळी वेटिंग. रिक्षा करून बोरिवलीला निघालो तर घोडबंदरला गायमुखच्या चढावर दीड तास एका कंटेनरच्या मागे अडकलो, त्याची चिखलाने माखलेली नंबरप्लेट अजून डोळ्यासमोर आहे. पुढे जनरल डब्यात संडासाच्या दाराशी उभा राहून पहाटे बडोद्याला पोचलो. बाबा खुब्याचं हाड मोडून रात्रभर पडून होते.

बुलेट ट्रेन म्हणजे ५०८ किलोमीटर, १२ स्टेशनं, ताशी ३२० चा वेग. सगळे अहमदाबाद अहमदाबाद करतात पण मधलं वापी, बिलिमोरा, सुरत, भरूच, बडोदा कुणी बघतच नाही. तिथे मराठी माणसं पिढ्यानपिढ्या राहतायत. आम्ही महाराष्ट्राच्या हिशोबात नाही का?

दिव्याची_वहिनी
भाऊ, बाबांचं वाचून जीव कळवळला, आता कसे आहेत ते आधी सांगा. पण तुम्ही नकाशा बघितलाय का? बुलेटचं ठाणे स्टेशन ठाण्यात नाहीये, ते म्हातार्डीला आहे, आमच्या दिव्याला लागून. म्हणजे घोडबंदर सुटलं तरी मुंब्रा-शिळफाट्याचं ट्रॅफिक तुमच्या नशिबी आहेच.

आणि आमचं काय? मी रोज सकाळी दिव्याला लोकल पकडते, पकडते कसली, लोंबकळते. ९ जून २०२५ ला मुंब्र्याच्या वळणावर दारातली माणसं खाली पडून गेली, त्या दिवशी माझ्या मिस्टरांचा फोन अर्धा तास लागत नव्हता. बुलेटचं भूमिपूजन १४ सप्टेंबर २०१७ चं आणि एल्फिन्स्टनच्या पुलावरची चेंगराचेंगरी २९ सप्टेंबरची. मध्ये पंधरा दिवस. ते मी विसरू शकत नाही.

हिशोबी
वहिनींना पूर्ण अनुमोदन. राज्याचा वाटा बघा. महाराष्ट्राचे ५ हजार कोटी, गुजरातचेही ५ हजार कोटी. मार्गातले आपल्याकडे १५६ किलोमीटर आणि १२ पैकी ४ स्टेशनं, म्हणजे दोन राज्यांच्या वाट्यातला निम्मा पैसा आपला आणि तिसरा हिस्सासुद्धा मार्ग नाही. शिवाय पालघरच्या आदिवासींच्या जमिनी आणि चिकूच्या वाड्या गेल्या. चिकूचं झाड उभं राहायला किती वर्षं लागतात हे बीकेसीत बसून कळत नाही.

बडोदेकर_ठाण्यात
कर्जाचंही लिहा ना मग. जपानने ८१ टक्के पैसे ०.१ टक्का व्याजाने ५० वर्षांसाठी दिलेत, पहिली १५ वर्षं हप्ता नाही. हे पैसे लोकलसाठी पडून होते आणि आम्ही पळवले असं नाहीये. हां, वाट्याचं गणित चुकीचं झालंय हे मला मान्य करावं लागतंय.

हिशोबी
कर्ज येनमध्ये फेडायचंय. ५० वर्षांत येन कुठे जाईल ते तुम्ही सांगणार का मी?

ओसाकाकर
अकरा वर्षं जपानमध्ये आहे म्हणून बोलतो. टोकियो-ओसाका शिनकानसेन, म्हणजे तिथली बुलेट ट्रेन, १ ऑक्टोबर १९६४ ला सुरू झाली, ५१५ किलोमीटर, म्हणजे आपल्याएवढीच. तेव्हा तिथेही हीच भांडणं होती. खर्च जवळपास दुप्पट झाला आणि रेल्वेचे अध्यक्ष सोगो, मुख्य अभियंता शिमा यांना १९६३ मध्ये, गाडी सुरू व्हायच्या आधीच पद सोडावं लागलं. आज त्याच मार्गावर दर काही मिनिटांनी गाडी आहे, आणि गाडी घसरून किंवा टक्कर होऊन एकही प्रवासी आजवर गेलेला नाही.

पण वहिनींचा मुद्दा मला पटतो. जपान शिनकानसेनवर थांबला नाही. १९६५ पासून त्यांनी टोकियोला येणाऱ्या पाच दिशांच्या लोकल मार्गांवर ज्यादा रूळ टाकायला घेतले, कारण तिथेही माणसं डब्यात कोंबली जात होती. आपण पहिली गोष्ट उचलली, दुसरीचा वेग वाढवा म्हणून ओरडायला पाहिजे.

मंचरचा_गडी
तुम्ही सगळे मुंबईवाले आपसातच भांडा. पुणे-नाशिक रेल्वेचं कुणी नाव तरी घेतलं का? २३५ किलोमीटरचा सेमी हायस्पीड मार्ग होता, राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव, संगमनेर, सिन्नर. आमच्याकडे मोजणीसाठी दगड लागले, लोकांनी मुलीच्या लग्नाचे बेत त्या पैशावर केले. आणि मग काय तर नारायणगावजवळच्या खोडदची रेडिओ दुर्बीण आडवी आली, मार्ग शिर्डीकडे वळवला! माझी बहीण सिन्नरला दिलीय, तिचं पहिलं बाळंतपण होतं तेव्हा आई एसटीत चाकणला तळेगाव चौकात दोन तास बसून होती. आकाशातले तारे बघायला माणसं मारायची का?

ताऱ्यांचा_विद्यार्थी
अहो दुर्बिणीला व्हिलन करू नका. मी जीएमआरटीत, म्हणजे त्याच खोडदच्या दुर्बिणीवर, प्रोजेक्ट केलाय. खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी ती जागा निवडली ती तिथे रेडिओचा गोंगाट कमी आणि आजूबाजूला डोंगरांचा आडोसा म्हणून. विजेची गाडी धावते तेव्हा पेंटोग्राफ (टपावरचा वीज घेणारा सांगाडा) आणि तारेमध्ये ठिणग्या उडतात, त्यातून रेडिओ लहरी निघतात, आणि आम्ही ऐकतो ते सिग्नल इतके क्षीण असतात की शेजारचा मोबाईलसुद्धा त्रास देतो.

मंचरचा_गडी
मग रूळ दोन-चार किलोमीटर सरकवा! सगळा मार्ग शिर्डीकडे न्यायचं काय कारण?

ताऱ्यांचा_विद्यार्थी
दोन-चार किलोमीटरने काहीच होत नाही हो. ३० अँटेना आहेत, एकेक ४५ मीटर रुंद. १४ मध्यभागी आणि १६ तीन फाट्यांवर, वाय आकारात, असा २५ किलोमीटरचा पसारा आहे. नारायणगाव त्याच्या उंबऱ्यातच आहे.

मंचरचा_गडी
तो पसारा मार्ग आखणाऱ्याला दिसला नाही? दुर्बीण काल उभी राहिली का? आम्हाला वर्षानुवर्षं आशेवर ठेवलं त्याचं उत्तर द्या. नारायणगावच्या टोमॅटो मार्केटला एकदा पहाटे या, पिकअपच्या रांगा बघा, मग तारे दाखवा.

ताऱ्यांचा_विद्यार्थी
ते उत्तर आखणी करणाऱ्यांकडे मागा, माझ्यावर का ओरडताय? आमच्या लोकांचा विरोध रेल्वेला नव्हता.

मंचरचा_गडी
बरं. दुर्बिणीचं मानलं. पण शिर्डीची गाडी आमची गाडी नव्हे, हे मरेपर्यंत म्हणणार.

रत्नागिरीकर
दादर-रत्नागिरी पॅसेंजर दिव्याला आणून ठेवली त्यावर पण बोला कुणीतरी. गणपतीला पोरंबाळं आणि सामान घेऊन दिव्याच्या जिन्यावर उतरून बघा.

बडोदेकर_ठाण्यात
वहिनी, तुम्ही विचारलंत म्हणून, बाबा वॉकर घेऊन गॅलरीपर्यंत येतात, पुढे जायची भीती बसलीय. म्हातार्डीचं तुमचं खरं आहे, मी नकाशा उघडून बघितला आणि राग आला. तरी बुलेट नको असं मी म्हणणार नाही.

दिव्याची_वहिनी
नका म्हणू. पण ती सुरू होईपर्यंत एक करा. पुढच्या वेळी घोडबंदरला जाऊच नका. दिव्याहून वसईला मेमू (विजेवरची पॅसेंजर) जाते, कोपरलाही थांबते, वसई रोडला गुजरातच्या बऱ्याच गाड्या मिळतात. दिवसाला मोजक्याच फेऱ्या आहेत तेवढं टाइमटेबल बघून निघा. रूळ आहेत, तारा आहेत, फक्त फेऱ्या वाढवायच्यात. हे मी डोंबिवलीच्या प्रवासी बैठकीत दोनदा उभी राहून बोललेय, तिसऱ्यांदा तुम्ही माझ्याबरोबर चला.