पॅटर्नमधल्या 'लेट'ने रिलेटिव्ह पाथ कुठून मोजायचा?

तिरकी_रेघ
धागा स्कीमाट्रॉनवाल्यांसाठी आहे (स्कीमाट्रॉन म्हणजे एक्सएमएल फाइल नियम लावून तपासायची भाषा), पण इतरांनीही यावं, कारण दुखणं सगळीकडचं आहे.

आयएसओ १९७५७-३ मधला, म्हणजे स्कीमाट्रॉनच्याच प्रमाणकातला, नियम असा: व्हेरिएबल ठरवणारा 'लेट' रूलच्या आत असेल तर त्याची किंमत त्या रूलच्या कॉन्टेक्स्ट नोडवरून, म्हणजे रूल ज्या एलिमेंटला किंवा ॲट्रिब्यूटला लागला तिथून, काढायची. तोच 'लेट' एक पायरी वर, पॅटर्नमध्ये (रूल्सच्या गटात) किंवा थेट स्कीमात ठेवला, की किंमत डॉक्युमेंटच्या रूटवरून (सगळ्या एलिमेंटच्याही वरच्या नोडवरून). पाथ अक्षर न् अक्षर तोच, अर्थ निराळा. माझ्या मते हा नियमच चुकला आहे.

उदाहरण घ्या (एक्सएमएलमध्ये नावं देवनागरीत चालतात, तेव्हा तशीच देतो). ऑर्डरमध्ये अनेक `ओळ`, प्रत्येकीला `@नग`, `@दर`, `@मर्यादा`. तीन रूल्सना रक्कम लागते म्हणून कुणी 'लेट' उचलून पॅटर्नवर नेला: `$रक्कम` म्हणजे `@नग * @दर`. रूटला ॲट्रिब्यूट नसतातच. एक्सपाथ (हे पाथ लिहायची भाषा) १.० मध्ये हातात येतो नॅन, म्हणजे 'ही संख्याच नाही' अशी किंमत, २.० पासून रिकामी सीक्वेन्स. एरर कुठेच नाही. आता असर्ट, म्हणजे खरी ठरायलाच हवी अशी अट, बघा: `नॉट($रक्कम > @मर्यादा)`. नॅनशी केलेली ही तुलना नेहमी खोटी, म्हणून नॉट खरा, म्हणून प्रत्येक ओळ पास. रक्कम मर्यादेच्या शंभरपट असली तरी!

पॅटर्नमधला रिलेटिव्ह पाथ जो रूल लागला त्याच्या नोडवरूनच काढावा. ज्याला रूट हवा तो पुढे `/` लावेल.

कंसातला
साफ असहमत. व्हेरिएबल म्हणजे किंमत. वापराल तिथे नव्याने उलगडणारा मजकूर नव्हे. ऑर्डरमधला ग्राहक यादीत आहे का, हे `//ग्राहक[@कोड = @ग्राहककोड]` असं लिहून तपासता येत नाही, कारण चौकटी कंसात शिरल्यावर कॉन्टेक्स्ट बदलतो आणि दोन्ही ॲट्रिब्यूट त्या `ग्राहक` नोडवरच शोधले जातात. म्हणून आपण रूलमध्ये आधी `$क` म्हणजे `@ग्राहककोड` असं धरून ठेवतो आणि कंसात `$क` वापरतो. पाथ वापराच्या जागी मोजला गेला तर ही सोय पहिली जाईल.

तिरकी_रेघ
मी मजकूर चिकटवा म्हटलेलंच नाही. रूल लागताना एकदा मोजा आणि तिथेच गोठवा. तुमचं `$क` सुखरूप राहतं.

कंसातला
बरं, गोठवा. पण एका पॅटर्नमध्ये एका रूलचा कॉन्टेक्स्ट `ऑर्डर`, दुसऱ्याचा `ओळ`, तिसऱ्याचा `ओळ/@दर`. ॲट्रिब्यूट नोडवरून `@नग` मोजलात तर पुन्हा रिकामं, पुन्हा नॅन, पुन्हा पास. म्हणजे `$रक्कम` या एका नावाला तीन अर्थ आले आणि ज्या गप्प बसण्याबद्दल तुमची तक्रार आहे ते जागच्या जागी. रूटचा नियम निदान एका वाक्यात सांगता येतो.

जुना_पार्सर
तिरकी_रेघ यांना हवं तसं वागणारी गोष्ट स्कीमाट्रॉनमध्ये आहे की! ॲब्स्ट्रॅक्ट पॅटर्न, म्हणजे पॅरामीटर भरून वापरायचा साचा. त्याचे पॅरामीटर म्हणजे निव्वळ मजकुराची अदलाबदल, व्हॅलिडेशन सुरू व्हायच्या आधीच उरकलेली. त्यामुळे पॅरामीटरमधला पाथ जिथे जाऊन पडेल तिथला कॉन्टेक्स्ट घेतो. गंमत म्हणजे दोघांनाही डॉलरचंच चिन्ह. नवीन माणसाने `$ओळ` बघून ओळखायचं कसं की ही किंमत आहे की चिकटवलेला मजकूर? माझं भांडण असलंच तर त्या डॉलरशी आहे.

आडवाटे
पाथ फक्त नोडचे नसतात, फाइलचेही असतात. एक्सएसएलटीतल्या (एक्सएमएलचं रूपांतर करणारी भाषा, तिच्यातला प्रोग्राम म्हणजे स्टाइलशीट) डॉक्युमेंट या फाइल उघडणाऱ्या फंक्शनला थेट `@दुवा` दिलात तर रिलेटिव्ह पत्ता तपासल्या जाणाऱ्या फाइलच्या जागेवरून धरतात. त्याच `@दुवा`ची आधी स्ट्रिंग करून दिलीत, तर स्टाइलशीटच्या जागेवरून. स्कीमाट्रॉनचं रूपांतर झालेली स्टाइलशीट तात्पुरत्या फोल्डरमध्ये पडली असेल तर संपलंच.

शून्य_अपवाद
जेसन स्कीमातून (जेसन डेटा तपासायची भाषा) आलोय. तिथे 'लेट' नाही, पण वाद हाच. `$रेफ` (दुसऱ्या स्कीमाकडे दाखवलेलं बोट) कायम लिहिल्या जागेवरून सुटतो, बाहेरच्या सगळ्यात जवळच्या `$आयडी`ला (स्कीमाच्या स्वतःच्या पत्त्याला) आधार धरून. म्हणून एक स्कीमा दुसऱ्याच्या पोटात `$आयडी`सकट ठेवला तरी त्यातला `#/…` आपल्याच घरात बघतो. पुनरावर्ती स्कीमा बाहेरून वाढवायची गरज पडली तेव्हा २०२०-१२ च्या आवृत्तीत `$डायनॅमिकरेफ` वेगळा दिला. दोन वागणुकी, दोन नावं. तिरकी_रेघ यांनी जुन्या 'लेट'चा अर्थ फिरवण्यापेक्षा नवा शब्द मागावा.

गप्प बसण्याचं म्हणाल तर आमच्याकडेही आनंदच. एजेव्ही या जेसन स्कीमा तपासणाऱ्या लायब्ररीच्या `$डेटा`मध्ये `१/कमाल` असा पाथ देता येतो, म्हणजे एक पायरी वर जाऊन 'कमाल' शोध. सापडलं नाही तर ती अटच नाही असं समजून पास.

आडवाटे
मग एक्सएसडी १.१ (एक्सएमएलसाठीच डब्ल्यू३सीची स्कीमा भाषा) बरं. २०१२ च्या त्या शिफारशीत असर्टला फक्त आपलं एलिमेंट आणि त्याच्या पोटातलं दिसतं, `..` करून वर जायला वाटच नाही. टाइप कुठेही वापरा, उत्तर तेच.

जुना_पार्सर
हो, आणि म्हणूनच ओळीतला ग्राहक यादीत आहे का हे ओळीवरून विचारताच येत नाही. डोळ्यांवर पट्टी बांधली म्हणजे वाट सरळ होत नाही.

शून्य_अपवाद
गप्प पास होणं टाळायचं आणि एक्सपाथ २.० असेल तर `एक्झॅक्टली-वन(@नग)` लिहा की. रिकामं आलं तर एरर.

तिरकी_रेघ
त्याने पूर्ण तपासणीच मधे थांबू शकते. मला चुकांची यादी हवी असते, पहिल्याच ठेचेला मुक्काम नको.

कंसातला
तुमच्या प्रस्तावाचं खरं नुकसान वेगळंच आहे. पॅटर्नवर `ऑर्डर/@तारीख` असं पुढच्या `/` शिवाय लिहिणारे बरेच असतात आणि आज ते बरोबर चालतं. नियम बदलला की `ओळ`वर उभं राहून त्याच पाथला काही सापडणार नाही. चालणारे स्कीमे आवाज न करता मरतील.

तिरकी_रेघ
हा मुद्दा जड आहे. तरी मग एवढं करा: पॅटर्न किंवा स्कीमाच्या पातळीवरच्या 'लेट'मध्ये चौकटी कंसाबाहेरचा कुठलाही पाथ `@` किंवा `..` ने सुरू होत असेल तर स्कीमा कंपाइल होतानाच एरर. रूटला ॲट्रिब्यूट नाही, पालकही नाही, तेव्हा असा पाथ बरोबर असूच शकत नाही. कुणाचा चालता स्कीमा मोडत नाही.

कंसातला
याला माझी संमती आहे. पण `.` चं काय करणार? रूटवरचा `.` रिकामा नसतो. त्याची स्ट्रिंग म्हणजे अख्ख्या डॉक्युमेंटचा मजकूर. "शेरा रिकामा नको" या तपासणीचा 'लेट' कुणी पॅटर्नवर नेला तर कुठेतरी एक अक्षर असलं की झालं, सगळे शेरे भरलेले. ते कंपायलरला कळणार कसं?