हाय-एट कॅसेट संगणकावर घ्यायच्या आहेत, आजीचा आवाज आहे त्यात (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे सहा हाय-एट कॅसेट आहेत, म्हणजे जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्याच्या छोट्या कॅसेट. १९९५ साली मामा अमेरिकेहून आला तेव्हा त्याने बाबांसाठी सोनीचा हँडीकॅम आणला होता, सोबत कोऱ्या कॅसेटचा एक खोका. पुढची काही वर्षं गणपती, आतेबहिणीचं लग्न, मे महिन्यात राजापूरच्या घरी जमायचो ते, सगळं बाबांनी त्यावर शूट केलं.

त्यातल्या एका कॅसेटमध्ये आजी जात्यावर ओव्या म्हणते आहे. बाबांची आई. ती २००१ मध्ये गेली. फोटो आहेत, पण तिचा आवाज दुसरीकडे कुठेच नाही. ओव्या तिच्या माहेरच्या, कोणी लिहून घेतल्या नाहीत. आत्याला पहिल्या दोन-तीन ओळी येतात, मग ती अडते.

हँडीकॅम आता चालूच होत नाही. दुरुस्तीवाल्याने पार्ट मिळत नाहीत म्हणून परत दिला. मग ठाण्यात एका स्टुडिओत दोन कॅसेट दिल्या. आठ दिवसांनी उत्तर आलं, "टेप गेल्यात, नुसती निळी स्क्रीन येते." दुसऱ्या दुकानातही तेच. बाबा काही बोलले नाहीत, कॅसेट कपाटात ठेवून दिल्या.

टेप खरंच गेल्या असतील का? अजून काही करून बघण्यासारखं आहे का? घरी लॅपटॉप आहे, विंडोज १०.

पाऊलवाट: कॅमेऱ्यातलं चित्र लॅपटॉपवर घ्यायला ऑनलाइन यूएसबी कॅप्चर मिळतं, लाल-पांढरी-पिवळी पिन लावायची. स्वस्त आहे.

ठाणेकरीण (धागाकर्ती): ते बघितलं. पण कॅसेट वाजवायला चालू कॅमेराच नाही ना.

जुनी_फीत: ताई, टेप गेल्या असं इतक्यात धरू नका. आधी एक सांगा, कॅसेटवर पी५ लिहिलंय की पी६?

ठाणेकरीण: आत्ताच काढून बघितलं. सहाही कॅसेटवर पी६-१२० आहे.

जुनी_फीत: मग मला तरी खूप आशा वाटते. पी६ म्हणजे एनटीएससी, व्हिडिओ रेकॉर्ड करायची अमेरिकेतली पद्धत. आपल्याकडे पाल, तिच्या कॅसेटवर पी५ असतं. नुसत्या कॅसेटवरून ठरत नाही, कारण कोरी कॅसेट दोन्हीकडे चालते. पण तुमचा कॅमेराही तिकडचाच, म्हणजे रेकॉर्डिंग एनटीएससीच. या पद्धतीत फीत सेकंदाला साधारण १४.३ मिलिमीटर सरकते, पालमध्ये २० मिलिमीटर. फीत वाचणाऱ्या हेडचा ड्रमही वेगळ्या गतीने फिरतो, एकीकडे सेकंदाला जवळपास ३० चित्रं, दुसरीकडे २५. फक्त पाल चालवणाऱ्या कॅमेऱ्यात तुमची कॅसेट घातली तर त्याला चित्र सापडत नाही आणि तो निळी स्क्रीन दाखवतो. दोन्ही दुकानांत बहुतेक हेच झालं असणार.

अमेरिकेत कोणी असेल तर तिथून जुना डिजिटल-एट कॅमेरा मागवा. सोनीने तो प्रकार १९९९ मध्ये काढला. त्याच ८ मिलिमीटरच्या कॅसेट त्यात बसतात आणि त्यातली काही मॉडेलं जुन्या हाय-एट टेपही वाजवतात. सगळी नाही! मॅन्युअलमध्ये हाय-एट प्लेबॅक लिहिलेलं आहे का हे बघूनच घ्या. असा कॅमेरा जुनं चित्र आतच डिजिटल करून फायरवायरच्या सॉकेटमधून बाहेर देतो. सोनी त्या सॉकेटला आय-लिंक म्हणते. यूएसबीच्या नादी लागू नका, त्या कॅमेऱ्यांचं यूएसबी या कामाचं नाही.

लॅपटॉपला फायरवायर नसणार. कोणाचा डेस्कटॉप असेल तर त्यात फायरवायर कार्ड बसवा आणि विन-डीव्ही नावाचा छोटा, फुकट प्रोग्रॅम घ्या. दोन तासांची टेप उतरायला दोनच तास लागतात, घाई करता येत नाही. तासाला साधारण १३ जीबी जागा धरा. आणि फाईल पालमध्ये बदलून घेऊ नका, चित्र अडखळतं. आहे तशी एनटीएससीच ठेवा.

सड्यावरचा: राजापूरची हवा म्हणजे बुरशीचं बघा. कॅसेटच्या खिडकीतून फितीच्या गुंडाळीवर पांढरी भुकटी दिसली तर ती कॅमेऱ्यात मुळीच घालू नका. हेड खराब होतं आणि तीच बुरशी पुढच्या कॅसेटला लागते. आमच्या दोन कॅसेट अशाच गेल्या, म्हणून जीव तोडून सांगतोय. चांगल्या असतील त्या सिलिका जेलच्या पुड्यांसोबत बंद डब्यात उभ्या ठेवा.

ठाणेकरीण: बघितलं, पाच स्वच्छ आहेत. एकीवर कडेला पांढरं आहे, ती वेगळी ठेवली. ओव्यांची नाही ती, देवाची कृपा. मामेभाऊ न्यू जर्सीला आहे, त्याला आजच सांगते. तुम्ही दोघांनी किती मोठं काम केलंत हे मला लिहिता येत नाहीये.

ठाणेकरीण (दोन महिन्यांनी): झालं! मामेभावाने वापरलेला डिजिटल-एट कॅमेरा शोधून येणाऱ्या माणसाबरोबर पाठवला. दिराच्या जुन्या डेस्कटॉपला कार्ड बसवलं. पहिल्यांदा कॅमेऱ्याने सी:२१ असा कोड दाखवला, म्हणजे आत दमटपणा. कॅसेटचं दार उघडं ठेवून तो तासभर कोरड्या खोलीत ठेवला, मग चालला.

ओव्यांची टेप पूर्ण उतरली, सव्वीस जीबी. आजी दिसते आहे, पायाशी मांजर आहे, मागे बाबांचा आवाज येतो. आत्याला फोनवर ऐकवलं. ती जिथे अडायची तिथून आजीने पुढे नेलं आणि आत्या तिच्याबरोबर म्हणायला लागली. आता आम्ही दोघी मिळून ओव्या लिहून काढतोय, चौदा झाल्या. बाबांनी तो भाग तीनदा लावायला सांगितला.

अजून एक विचारायचंय. जात्याच्या घरघरीत काही शब्द बुडतात. मूळ फाईल तशीच ठेवून दुसऱ्या प्रतीत ती घरघर कमी करता येईल का?

जुनी_फीत: येईल. फक्त आवाज वेगळा काढून ऑडॅसिटी या आवाजाच्या प्रोग्रॅममध्ये उघडा. आजी गप्प आहेत आणि नुसतं जातं फिरतंय असे दोन-तीन सेकंद निवडून नॉइज प्रोफाइल घ्या, मग संपूर्ण आवाज निवडून नॉइज रिडक्शन लावा. सहा डेसिबलपासून सुरुवात करा. जास्त केलं तर माणसाचा आवाज पत्र्यातून आल्यासारखा होतो. जिथे शब्द तरीही कळत नाही तो तुकडा हेडफोन लावून आत्यांना ऐकवा, त्यांचा कान त्या ओव्यांना सरावलेला आहे.