लग्नाआधी नाकाची सर्जरी करावी का?

चाफा:
मावसबहिणीचं लग्न डिसेंबरात आहे आणि ती सप्टेंबरात नाकाचं ऑपरेशन करून घेतेय, नाकावरचा उंचवटा तिला शाळेपासून खुपतो. मला ही घाई अजिबात पटत नाही. नाकावरचं स्प्लिंट, म्हणजे आधाराची पट्टी, आठवड्यात निघतं, डोळ्यांखालचं काळंनिळं दोनेक आठवड्यांत जातं हे खरं, पण नाकाच्या शेंड्याची सूज पूर्ण उतरायला वर्षही लागतं, कातडी जाड असेल तर जास्तच. म्हणजे फोटोत जे नाक येईल ते शेवटचं नाक नाहीच.

सातारकर:
तीन महिने भरपूर आहेत हो. उरलेली सूज तिला आरशात दिसेल, पाहुण्यांना नाही. माझा नाकाच्या मधला पडदा वाकडा होता म्हणून पडदा आणि आकार एकदमच करून घेतलं, दहाव्या दिवशी ऑफिसला गेलो. पथ्य मात्र पाळलं, नाक शिंकरायचं नाही, उशा उंच घेऊन झोपायचं, चष्मा महिनाभर नाकावर टेकवायचा नाही. आणि ही कला आपल्याकडे काही आजची नाही, टिपू सुलतानच्या लोकांनी नाक कापलेल्या, इंग्रजांच्या सैन्यातल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला पुण्याजवळ कपाळाच्या कातडीचं नवं नाक बसवलं ती हकिगत 1794 साली लंडनच्या मासिकात छापून आली होती!

कस्तुरी:
सातारकर, कावसजीला नाकच नव्हतं, ह्या मुलीचं धडधाकट आहे, दोन्ही एका तराजूत कसे घालता? माझा उंचवटा जरा जास्तच तासला गेला. आता जोरात श्वास घेतला की नाकाची बाजू आत ओढली जाते, रात्री तोंड उघडं ठेवून झोपते, सकाळी घसा कोरडा. दुसरं ऑपरेशन करायचं तर वर्षभर थांबा म्हणाले, मग कानाचं नाहीतर बरगडीचं कार्टिलेज (कूर्चा, मऊ हाड) घेऊन आधार देणार. निव्वळ दिसण्यासाठीच्या सर्जरीला मेडिक्लेम मिळत नाही, सगळा खर्च खिशातून.

सातारकर:
वाईट वाटलं वाचून. पण दर वेळी असंच होतं असं नाही ना? सर्जन नीट बघून घ्यावा, एम.सीएच. प्लास्टिक (प्लास्टिक सर्जरीची पदवी) असलेला किंवा नाकाचं काम नेहमी करणारा ईएनटी, आणि त्याने केलेल्या पेशंटचे वर्षानंतरचे फोटो मागावेत. वीस वर्षं मनात खुपणारी गोष्ट "धडधाकट आहे" म्हणून उडवून लावू नये.

चाफा:
उडवून लावत नाहीये, तिने करावंच, पण लग्नानंतर. सहा आठवडे नाकाला धक्का नको म्हणतात आणि आमच्याकडे हळदीला तोंडाला कोण कसं फासेल सांगता येत नाही, केळवणं तर ऑक्टोबरपासूनच सुरू. शुक्रवारी तिच्याबरोबर दवाखान्यात जातेय. कस्तुरी, तुझ्यासारखं होऊ नये म्हणून श्वासाचं आधी विचारते, आणि लागलं तर दुरुस्ती कोण करणार, किती पैसे, हेही.